पहिली-दुसरीचं गणित: वर्षभराचं नियोजन कसं करावं

शाळा उघडली की वार्षिक नियोजनाचे तक्ते भरायची घाई सुरू होते. बहुतेक ठिकाणी पुस्तकातले पाठ मोजतात, त्यांना महिन्यांनी भागतात आणि तक्ता तयार होतो. तपासणीला येणाऱ्या केंद्रप्रमुखांना दाखवायला तो पुरतो. पहिली-दुसरीच्या गणिताला मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण पुस्तकातलं प्रत्येक पान मुलाला सारखंच जड नसतं. ‘लहान-मोठा’, ‘आत-बाहेर’ दोन-तीन दिवसांत होतं. दहा सुट्या वस्तूंचा एक दशक होतो हे डोक्यात उतरायला दीड-दोन महिने लागतात, आणि दोन अंकी संख्या, हातचा, वजाबाकी, पुढे गुणाकार-भागाकार हे सगळं त्याच्यावरच उभं आहे. म्हणून नियोजन करताना आधी दशकाला दिवस द्यायचे आणि बाकीचं त्याच्या मागेपुढे बसवायचं.

खालचं नियोजन जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेसाठी आहे, जिथे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत एकाच बाईंकडे किंवा गुरुजींकडे असतात. पट वीस-बावीसचा धरला आहे. वर्ग वेगळे असतील तर काम सोपं होतं, क्रम तोच राहतो.

आधी दिवस मोजा

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. आपल्याकडे वर्षात ७६ सुट्ट्या आणि ५२ रविवार वजा केले की कागदावर २३७ दिवस उरतात. आता सुट्ट्यांची यादी समोर ठेवा आणि लाल पेन घ्या. सुरुवातीचा प्रवेशोत्सव आणि पुस्तकवाटपाचा आठवडा, दोन्ही संकलित मूल्यमापनं (सत्राअखेरच्या परीक्षा) आणि त्यांचे निकाल, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलनाचा सराव, प्रशिक्षणं, शिक्षण परिषदा, निवडणुकीचं काम, गावची जत्रा, धो धो पावसात निम्मा वर्ग येत नाही ते दिवस, हे सगळं खोडा. गणिताच्या धड १६० तासिका उरल्या तरी पुष्कळ. विदर्भात शाळा उशिरा उघडते, तिथे जूनचं काम जुलैत सरकवावं लागतं.

या १६० पैकी नियोजनात फक्त १४५ वापरा. उरलेल्या १५ तासिका तीन जागी मोकळ्या ठेवा: सप्टेंबरअखेर पाच, जानेवारीअखेर पाच, एप्रिलमध्ये पाच. मागे राहिलेलं भरून काढायला या लागतात. तक्त्यात त्या जागी ‘उजळणी’ लिहा, म्हणजे कुणी हरकत घेत नाही.

दुसरीच्या १४५ तासिका साधारण अशा बसतात. जून: ८, मुलं कुठे आहेत ते पाहणं. जुलै-ऑगस्ट: ३६, दशक आणि दोन अंकी संख्या. सप्टेंबर: १६, तुलना, क्रम, बिनहातच्याची बेरीज-वजाबाकी. ऑक्टोबर: ८, आकार, आकृतिबंध (पॅटर्न), उजळणी. नोव्हेंबर: १२, पुन्हा दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि हातच्याची बेरीज. डिसेंबर: १९, दशक मोडून वजाबाकी. जानेवारी: १७, समान गट आणि पाढे. फेब्रुवारी: १६, शतक आणि मोजमाप. मार्च: १३, वेळ, पैसे, शाब्दिक उदाहरणं. पहिलीसाठी जुलै-ऑगस्टमध्ये १ ते ९, शून्य आणि दहा. सप्टेंबर ते दिवाळी १० च्या आतली बेरीज-वजाबाकी. दिवाळीनंतर २० पर्यंतच्या संख्या आणि जानेवारीपासून ९९ पर्यंतचे गठ्ठे.

वर्षअखेरीला कुठे पोचायचं

५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाच्या अभियानाची लक्ष्यं थोडक्यात अशी: पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं आणि सोपी बेरीज-वजाबाकी, दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतची वजाबाकी. तिसरीला हेच ९,९९९ पर्यंत जातं आणि सोपा गुणाकार येतो. लक्ष्यं वाचायला सोपी वाटतात. पण ‘९९ पर्यंतच्या संख्या वाचतो’ याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, शतक तक्त्यावर बोट ठेवलं की मूल ‘सत्तेचाळीस’ म्हणतं. दुसरा, ४७ मधल्या ४ म्हणजे चाळीस वस्तू हे त्याला ठाऊक असतं. पहिल्यावर समाधान मानलं तर तिसरीत पंचाईत होते.

जून: पाच मिनिटं, एक मूल

वर्षाच्या सुरुवातीला लेखी चाचणी घेऊ नका. पेपरवर मूल काय लिहितं ते कळतं, कसं विचार करतं ते कळत नाही. बाकीची मुलं काड्या, ठोकळे, चित्रं यांत रमलेली असताना रोज तीन मुलांना जवळ बोलवा. आठ दिवसांत वर्ग होतो. प्रत्येकाला पाच कामं द्या.

पहिलं: चिंचोक्यांच्या ढिगातून १२ मोजून दे. देऊन झाल्यावर विचारा, “किती झाले रे?” मूल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या हे अजून त्याला उमगलेलं नाही. अंक म्हणता येतात, मोजता येत नाहीत.

दुसरं: सात चिंचोके लांब-लांब मांडलेली एक रांग आणि आठ जवळजवळ मांडलेली दुसरी. कुठे जास्त? लांब रांगेवर बोट ठेवणारी मुलं पहिलीत असतातच, दुसरीतही एखादं निघतं.

तिसरं: ६, ९, ३, १४, ४१, २७ अशी अंककार्डं वाचायला लावा. देवनागरीत ३ आणि ६ आरशातल्यासारखे उलटे आहेत, १ आणि ९ दिसायला जवळचे. हा गोंधळ लिपीचा आहे, गणिताचा नाही; तो वेगळा नोंदवा. सेमी इंग्रजीच्या वर्गात आणि मोबाईलवर मूल वेगळे अंक पाहतं, तेही लक्षात असू द्या.

चौथं काम सगळ्यात बोलकं. मुलासमोर सहा चिंचोके मोजून वाटीखाली झाका, बाहेर तीन ठेवा आणि विचारा, “सगळे मिळून किती?” एखादं मूल वाटी उचलू पाहतं. एखादं झाकलेले चिंचोके मनात एक-एक मोजत ‘एक, दोन, तीन…’ करत नऊपर्यंत येतं. एखादं वाटीवर हात ठेवून ‘सहा’ म्हणतं आणि पुढे ‘सात, आठ, नऊ’. एखादं नुसतंच ‘नऊ’ म्हणतं. या चारही पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीला पुढचं काम वेगळं लागतं. वाटी उचलणाऱ्या मुलाला वहीतल्या बेरजा देण्यात काही अर्थ नसतो.

पाचवं फक्त दुसरीसाठी: दहाचे तीन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या. किती? मूल रबर काढून एक-एक मोजायला लागलं तर जुलै-ऑगस्ट त्याच्यासाठीच आहे असं समजा.

नोंद एका कागदावर करा, नावं उभी आणि कामं आडवी. जमलं तर उभी रेघ, अर्धवट तर आडवी, नाही तर शून्य. हा कागद वर्षभर लागणार आहे, फायलीत घालू नका.

जुलै-ऑगस्ट: दशक

खराट्याच्या काड्या कापून घ्या, आइस्क्रीमच्या काड्या चालतात, बाजारातले रबर घ्या. गणित पेटीतले दशक दांडे दिसायला छान असतात, पण सुरुवातीला ते नकोत. दांडा मोडता येत नाही, गठ्ठा मोडता येतो. दशक बांधला जातो तसा सुटतोही, हे हातांना कळायला हवं. दांडे, मण्यांच्या माळा आणि खोट्या नोटा सप्टेंबरपासून काढा.

पहिला खेळ: जोडीत बसायचं, फासा टाकायचा, पडतील तेवढ्या काड्या घ्यायच्या. दहा झाल्या की रबर लावायचं. आधी पन्नासला पोचेल तो जिंकला. हा आठवडाभर चालू द्या, कंटाळत नाहीत. मग तोच खेळ उलटा: पाच गठ्ठे घेऊन सुरुवात, फाशावर पडेल तेवढ्या परत द्यायच्या. पहिल्याच डावाला मूल अडतं, “बाई, सुट्या नाहीत.” तुम्ही उत्तर देऊ नका. शेजारचं कुणीतरी ओरडतं, “अरे, सोड ना एक!” डिसेंबरमधली वजाबाकी इथेच सुरू झाली. उलटा खेळ ऑगस्टमध्ये खेळून घेतलेल्या वर्गाला ‘दशक मोडणे’ वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरी सवय वर्षभराची. परिपाठानंतर रोज एक काडी डब्यात टाकायची, शाळेचा एक दिवस म्हणून. दहा झाल्या की गठ्ठा. ‘आज शाळेचा कितवा दिवस?’ असं विचारलं की मुलं गठ्ठे आणि सुट्या पाहून सांगतात. दिवाळीच्या आसपास दहा गठ्ठे होतात आणि त्यांचा एक मोठा भारा बांधावा लागतो. शतक फेब्रुवारीत शिकवायचं आहे, पण त्याची ओळख अशी आधीच होऊन जाते.

ऑगस्टमध्ये लिहिणं आणा. दशक-एककाचे दोन रकाने, वर गठ्ठे-काड्या, खाली अंक. इथे सावध राहा. ‘३४ = __ दशक __ एकक’ अशा रिकाम्या जागा मुलं भराभर भरतात, कारण डावा अंक डावीकडे आणि उजवा उजवीकडे लिहिला की झालं. खरी परीक्षा अशी: फळ्यावर ३४ लिहा, ३ खाली रेघ मारा आणि म्हणा, “एवढ्या काड्या दे.” जे मूल तीन काड्या आणतं त्याचा रिकाम्या जागांचा स्वाध्याय शंभर टक्के बरोबर असू शकतो. त्याला तीन गठ्ठ्यांपर्यंत आणायचं आहे.

संख्यानावांचा पेच

मराठी मुलाला दोन अंकी संख्या जड जातात त्याचं एक कारण आपल्या नावांत आहे. ‘चौतीस’ मध्ये चार आधी ऐकू येतो, लिहिताना तीन आधी येतो. मूल ऐकलं तसं लिहितं आणि ४३ होतात. ‘एकोणतीस’ मध्ये ‘तीस’ ऐकून ३९ लिहिणारी मुलं दर वर्षी असतात. पन्नास म्हटलं की लगेच बावन्न, पंचावन्न, छप्पन्न. त्यांत ‘पन्नास’ शोधून सापडत नाही. आणि एकोणनव्वदनंतर एकोणशंभर येत नाही, नव्व्याण्णव येतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या, त्यांनी बाजू मांडली, विनोदही भरपूर झाले. वर्गात शिकवणाऱ्याला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं, आणि पुस्तकात जुनी नावंही होतीच. माझं मत सांगायचं तर दोन्ही वापरावीत आणि भांडत बसू नये. काड्या हातात असताना तीन पायऱ्यांनी म्हणा: ‘तीन दशक चार, तीस चार, चौतीस.’ लिहिताना मधलं रूप मनात धरायला सांगा, बोलताना शेवटचं. महिन्याभरात मधलं रूप आपोआप गळून पडतं आणि लिहिण्यातली उलटापालट पुष्कळ कमी होते.

‘एकोण’ची नावं वेगळ्या दिवशी घ्या. मण्यांच्या माळेवर तीसपाशी चिमटा लावा आणि एक मणी मागे या: ‘तीसला एक कमी, एकोणतीस.’ १९ पासून ८९ पर्यंत आठ नावं आहेत, ती एका तासिकेत रांगेने होतात. शतक तक्त्यावर नवाचा उभा रकाना रंगवून ठेवा. आणि ३४-४३, ३६-६३, ६७-७६ अशा जोड्यांची कार्डं करून श्रुतलेखन रोज दोन मिनिटं, ऑक्टोबरपर्यंत.

बेरीज-वजाबाकी: आधी दहाच्या आत, मग दहा ओलांडून

हातच्याची बेरीज अडते ती बऱ्याचदा हातच्यामुळे नाही, ८ + ५ पटकन येत नाही म्हणून. त्यामुळे सप्टेंबरचा निम्मा वेळ दहाच्या जोड्यांना द्या: ९-१, ८-२, ७-३, ६-४, ५-५. फरशीवर खडूने दोन ओळींत पाच-पाच घरं आखा, दहाची चौकट तयार. आठ चिंचोके घरांत, पाच बाहेर. दोन घरं रिकामी दिसतात, पाचातले दोन तिथे जातात, तीन उरतात. दहा आणि तीन तेरा. हे डोळ्यांनी पाहिलेलं मूल पुढे बोटं मोजायचं आपणहून सोडतं. तोवर बोटं वापरू द्या. बोटांवर मोजणाऱ्याला ओरडलं की ते बाकाखाली मोजतं, एवढाच फरक.

शाब्दिक उदाहरणं अगदी सुरुवातीपासून तोंडी घ्या, शेवटच्या पाठासाठी राखून ठेवू नका. मुलं शब्द पकडतात: ‘एकूण’ दिसला की बेरीज, ‘उरले’ दिसला की वजाबाकी. ही युक्ती आपणच शिकवतो आणि ती तिसरीत दगा देते. “सलमाकडे ९ गोट्या आहेत. ज्योतीकडच्या गोट्यांपेक्षा त्या ४ जास्त आहेत. ज्योतीकडे किती?” इथे ‘जास्त’ शब्द आहे आणि उत्तर ५ आहे. असं उदाहरण सप्टेंबरात नको, पण मार्चमध्ये दुसरीने गोट्या मांडून ते सोडवायला हवं. उदाहरणांत आपल्या गावचं येऊ द्या. बाजारात मेथीच्या जुड्या, एसटीत चढलेली-उतरलेली माणसं, खुराड्यातल्या कोंबड्या.

दिवाळीनंतर

सुट्टीनंतर मुलं बरंच विसरून येतात, त्यात त्यांचा दोष नाही. पहिल्या चार तासिका पुन्हा फासा आणि गठ्ठे. मग नोव्हेंबरात २८ + १५. आधी काड्यांनी, मग काड्या आणि वही शेजारी-शेजारी, मग वही पुढ्यात आणि काड्या हाताशी. हातचा म्हणजे नव्याने बांधलेला गठ्ठा. तो वर ‘१’ लिहिताना तोंडाने ‘एक दशक’ म्हणायचं, ‘हातचा एक’ नंतर. चुका दोन प्रकारच्या येतात. ३१३ लिहिणाऱ्याने १३ तसेच ठेवले, त्याला गठ्ठा बांधायचा माहीत नाही. ३३ लिहिणाऱ्याने गठ्ठा बांधला आणि मोजायला विसरला. पहिल्याला पुन्हा काड्या द्या, दुसऱ्याला नुसती आठवण पुरते. दोघांनाही एकच लाल फुली मारून भागत नाही.

डिसेंबर वजाबाकीचा. ४३ − १७ घ्या. चार गठ्ठे, तीन सुट्या. सात द्यायच्या आहेत, तीनच आहेत. एक गठ्ठा सोडला: तीन गठ्ठे, तेरा सुट्या. सात गेल्या, सहा उरल्या. एक गठ्ठा गेला, दोन उरले. २६. पहिल्या आठवड्यात वहीला हात लावू नका. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक हालचालीनंतर थांबून तेवढंच लिहायचं: गठ्ठा सोडला की ४ खोडून ३, सुट्यांवर १३. तिसऱ्या आठवड्यात वही.

वह्या तपासताना ३४ आलं असेल तर मुलाने प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा केलं, सातातून तीन. त्याच्यासाठी वजाबाकी म्हणजे दोन अंकांमधला फरक, दिशा नाही. ३६ आलं असेल तर गठ्ठा सोडला पण चाराचे तीन केले नाहीत. ४० − १७ देऊन पाहा. ३७ लिहिणारी मुलं शून्यापाशी अडली आहेत. हे तिन्ही गट वेगळे बसवा, दोन-तीन दिवस पुरतात. एखादं मूल म्हणेल, “सतराचे वीस व्हायला तीन, मग चाळीस व्हायला वीस, मग तीन. सव्वीस.” त्याला थांबवून उभी मांडणी लादू नका. ती रीत तितकीच खरी आहे आणि दुकानात तीच चालते.

जानेवारी: समान गट आणि पाढे

पालकांना पाढे हवे असतात, तेही पहिलीतच आणि तीसपर्यंत. आजोबांना तर पावकी-निमकी-पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊणचे पाढे) येत असते, त्यामुळे नातवाला बेचा पाढा येत नाही हे त्यांना लाजिरवाणं वाटतं. त्यांना समजावून सांगा, पण पहिलीत पाढे घेऊ नका. दोन-दोनने, पाच-पाचने, दहा-दहाने मोजणं घ्या.

दुसरीत जानेवारीत आधी गट मांडा. दाराबाहेर काढलेल्या चपलांच्या जोड्या, हातांची बोटं, शेळ्यांचे पाय, काड्यांचे गठ्ठे. ऑक्टोबरात ठिपक्यांची रांगोळी घेतली असेल तर ती इथे पुन्हा काढा: पाच ओळी, प्रत्येकीत चार ठिपके, न मोजता किती? संक्रांतीला तिळाचे लाडू वाटून घ्या, बारा लाडू तिघांत, चौघांत, पाचांत. पाचांत दोन उरतात आणि त्यांचं काय करायचं यावर जी चर्चा होते ती भागाकाराची पहिली तासिका. पाढा मुलांनी गटांवरून स्वतः लिहून काढावा, आणि मगच चालीवर म्हणावा: बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. चालीवर म्हणण्याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यात काही वावगं वाटत नाही. घोकलेला पाढा जन्मभर कामी येतो. फक्त ‘बे त्रिक सहा’ म्हणणाऱ्याला तीन जोड्या मांडून दाखवता आल्या पाहिजेत. क्रम २, १०, ५, मग ३ आणि ४. दुसरीला एवढे पुरे.

मोजमाप, वेळ, पैसे

हे घटक सलग घेण्यापेक्षा वर्षभर विखरून टाकलेले बरे. जुलैत पावसाच्या दिवसांचा तक्ता भिंतीवर लावा, आज पाऊस पडला तर एक रेघ. महिन्याअखेर मोजा, माहितीचं व्यवस्थापन झालं. वार आणि महिने रोज परिपाठात दिनदर्शिकेवरून. लांबीसाठी फेब्रुवारीत फळा वितीने मोजायला लावा, बाईंच्या दहा विती, मुलांच्या चौदा-पंधरा, आणि “कुणाचं बरोबर?” असा वाद झाला की मीटरपट्टी काढा. पैशांसाठी वर्गात दुकान. सुरुवातीला फक्त १, १० आणि १०० च्या खोट्या नोटा ठेवा, कारण त्या गठ्ठ्यांशी जुळतात. २०, ५०, २०० नंतर आणा. घड्याळात दुसरीला पूर्ण तास नीट आले तरी खूप.

एका तासिकेत दोन वर्ग

शक्य असेल तर दोन छोट्या तासिका जोडून सकाळी सव्वा तास सलग घ्या. पहिली पंधरा मिनिटं दोन्ही वर्ग एकत्र: डब्यातली काडी, तोंडी मोजणं, एक शाब्दिक उदाहरण. मग पंचवीस मिनिटं पहिलीबरोबर खाली बसा, दुसरी आपापल्या कामात. नंतर अदलाबदल. शेवटी दहा मिनिटं वह्या आणि आवराआवर.

सगळं यश ‘आपापल्या कामा’वर अवलंबून आहे. १ ते १०० पाच वेळा लिहा, हे काम नव्हे. त्याने मुलं गप्प बसतात, एवढंच. ज्यात उत्तर बरोबर आहे की नाही ते मुलाला स्वतःच कळेल असं काम द्या. दहाच्या जोड्यांचे पत्ते (मागे उत्तर लिहिलेलं), फासा-गठ्ठ्यांचा डाव, दुकान, संख्याकार्डं चढत्या क्रमाने लावून तक्त्याशी ताडून पाहणं. दुसरीतल्या मुलाला पहिलीच्या मुलाजवळ बसवायला हरकत नाही, पण रोज त्याच हुशार मुलाला जुंपू नका. सकाळच्या शाळेचा शनिवार खेळाला आणि नोंदींना ठेवा, नवीन काही नको.

नोंदी

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर रोजच्या कामावर चालणारं) ७० आणि संकलित ३० असा भार आहे, म्हणजे रोजच्या कामालाच जास्त वजन आहे. तरीही वर्णनात्मक नोंदी व्हॉट्सॲपवर आलेल्या यादीतून उतरवल्या जातात: ‘गणितात रुची घेतो’, ‘संख्यांचे वाचन करतो’. बावीस मुलांची एकच नोंद. त्याऐवजी प्रत्येक मुलाला महिन्यातून एक ओळ, पण कामाची: ‘दशक मोडून वजाबाकी काड्यांनी करते, वहीत दशक कमी करायला विसरते.’ ‘३४-४३ उलटं लिहितो, वाचताना बरोबर.’ अशी ओळ लिहायला मिनिट लागतं आणि पुढच्या आठवड्यात त्या मुलासाठी काय करायचं ते तिच्यातच असतं. महिन्याअखेर या ओळी वाचा. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं एकाच जागी अडली असतील तर नियोजन थांबवा आणि मोकळ्या तासिका तिथे खर्च करा. दोन-तीनच अडली असतील तर वर्ग पुढे न्या आणि त्यांना रोज दहा मिनिटं वेगळी द्या.

मध्येच गावाबाहेर जाणारी मुलं

बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कुटुंबांतली मुलं दसरा-दिवाळीनंतर जातात ती मार्च-एप्रिलला परत येतात. जिथे हंगामी वसतिगृह चालतं किंवा मूल आजी-आजोबांकडे राहतं तिथे प्रश्न कमी. बाकीच्यांसाठी नियोजनातच तजवीज हवी. अशा गावात दशक आणि वीसच्या आतली बेरीज-वजाबाकी काहीही करून दिवाळीपूर्वी संपवा. आकार, आकृतिबंध, मोजमाप मागे ढकला. जाताना मुलाच्या पिशवीत अंककार्डं, रबरांची पुडी आणि शतक तक्ता घाला. काड्यांना काय, फडात तोटा नसतो. परत आल्यावर वर्ग ज्या पानावर असेल तिथे त्याला बसवू नका. जूनची पाच कामं पुन्हा घ्या आणि जिथे आहे तिथून सुरू करा. एप्रिलच्या पाच मोकळ्या तासिका मुख्यतः याच मुलांसाठी आहेत.

एप्रिल

संकलित दोनचे पेपर होतील तसे होऊ द्या. त्याआधी तीच पाच कामं प्रत्येक मुलाबरोबर पुन्हा करा, दुसरीसाठी ४३ − १७ काड्यांनी आणि वहीत अशी दोन जास्तीची घाला. जूनच्याच कागदावर वेगळ्या रंगाने नोंद करा, म्हणजे कोण किती पुढे सरकलं ते एका नजरेत दिसतं. पहिलीची मुलं पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच असतील, तेव्हा त्यांच्या जूनच्या आठ तासिका निम्म्यावर येतात. दुसरीचा कागद तिसरीच्या गुरुजींना द्या, आणि जी तीन-चार मुलं अजून गठ्ठा सोडून एक-एक काडी मोजतात त्यांची नावं तोंडीही सांगा, कारण कागद कपाटात जातो.